अपडेट टाकले, पण सर्व्हर रीस्टार्ट करायचा की नाही?

लॉगिन केलं की चांदण्यांच्या मध्ये एक ओळ दिसते: ‘*** सिस्टम रीस्टार्ट रिक्वायर्ड ***’. आपण ती वाचतो आणि कामाला लागतो. पुढच्या महिन्यात पुन्हा अपडेट टाकतो, ओळ तिथेच. मग तिमाहीला ऑडिटवाले स्कॅन करतात आणि अहवालात मागचीच त्रुटी, मागचाच शेरा. आपण सांगतो की पॅकेज केव्हाच अपडेट झालंय. ते म्हणतात, आमच्या स्कॅनरला जुनंच चाललेलं दिसतंय. गंमत म्हणजे दोघांचंही बरोबर असतं.

या दुखण्याचा सगळ्यात बोलका नमुना मला एका नागरी सहकारी बँकेत भेटला. चार शाखा, मुख्य कचेरीत एकच सर्व्हर, त्यावर उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार), पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि जावात लिहिलेलं बँकेचं सॉफ्टवेअर. माझ्याकडे काम आलं तेव्हा मशीन किती दिवस सलग चालू आहे ते सांगणारी ‘अपटाइम’ कमांड दिली, तर ६११ दिवस. अपडेट मात्र दर महिन्याला न चुकता टाकलेले. मॅनेजरसाहेबांनी पहिल्याच दिवशी अट घातली: “अपडेट खुशाल टाका, ऑडिटला दाखवावं लागतं. पण रीस्टार्टचं नाव काढू नका. मागच्या खेपेला दोन तास काउंटर बंद होतं, आणि लोकांच्या शिव्या मी खाल्ल्या.”

मी मान डोलावली. ती चूक होती. मेअखेरीच्या वळवात लाइट गेली, यूपीएसच्या म्हाताऱ्या बॅटऱ्यांनी चार मिनिटांत मान टाकली आणि जो रीस्टार्ट आम्ही ६११ दिवस टाळला तो आपोआप झाला. पुढे काय झालं ते खाली येईलच. आधी मूळ प्रश्न.

बसवलेलं आणि चालू असलेलं

पॅकेज अपडेट झालं म्हणजे डिस्कवरची फाइल बदलली, एवढंच. चालू असलेला प्रोग्राम ती फाइल कधीच मेमरीत घेऊन बसलेला असतो. लिनक्समध्ये पॅकेज मॅनेजर नवी फाइल शेजारी लिहितो आणि जुनीच्या नावावर सरकवतो. जुनीचं नाव गेलं, पण ज्या प्रोसेसने ती उघडून ठेवली आहे तिच्यापुरती ती जिवंत राहते. शेवटच्या प्रोसेसने सोडली की मगच तिची जागा मोकळी होते. शाळेच्या वाचनालयात पुस्तकाची नवी आवृत्ती आली, जुनीचं नाव रजिस्टरमधून खोडलं, पण पोरांच्या दप्तरात जुनीच आहे, तसं. रजिस्टर तपासणारा म्हणेल नवीन आहे, वर्गात बसणारा म्हणेल जुनंच शिकवतायत.

याचा मोठा धडा मिळाला तो एप्रिल २०१४ मध्ये. ओपनएसएसएल ही इंटरनेटवरची देवाणघेवाण सांकेतिक करणारी लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात तो तयार कोड. तिच्यातली ‘हार्टब्लीड’ ही त्रुटी ७ एप्रिलला जाहीर झाली. १.०.१ पासून १.०.१एफ पर्यंतच्या आवृत्त्यांना ती होती आणि १.०.१जी मध्ये दुरुस्त झाली. घाईघाईने लायब्ररी बदलून निवांत झालेल्यांचा वेब सर्व्हर मात्र जुनीच लायब्ररी मेमरीत धरून बसलेला, म्हणजे गळती चालूच. तिथे अख्खं मशीन रीस्टार्ट करायची गरज नव्हती. एनजिनएक्स किंवा अपाचे, मेल सर्व्हर, व्हीपीएन, जे जे ती लायब्ररी वापरत होतं ते एकदा थांबवून पुन्हा चालू केलं की झालं.

म्हणून ‘रीस्टार्ट करायचा का’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. काय बदललं त्यावर ते ठरतं.

कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, बदलला असेल तर रीस्टार्ट हवाच. नवा कर्नल ‘/बूट’मध्ये येऊन बसलेला असतो, पण चालू आहे तो जुनाच. ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘डर्टी काऊ’ उघडकीला आली. ती त्रुटी कर्नलमध्ये २००७ पासून, म्हणजे २.६.२२ पासून होती आणि तिचा वापर करून साध्या युजरला रूट, म्हणजे सर्वाधिकारी, होता यायचं. ज्यांनी कर्नलचं पॅकेज टाकलं आणि रीस्टार्ट पुढे ढकलला, त्यांनी फक्त डिस्कची जागा भरली. प्रोसेसरच्या मायक्रोकोडचंही (चिपच्या आतल्या सूचनांचंही) तसंच, तो बूट होताना लवकर चढवायचा असतो. जीलिबसी ही पायाभूत लायब्ररी बदलली तर तत्त्वतः सर्व्हिसेस (पाठीमागे सतत चालणारे प्रोग्राम) रीस्टार्ट करून भागतं, पण ती लायब्ररी जवळजवळ प्रत्येक प्रोसेस वापरते, सगळ्यांत आधी सुरू होणारी पहिल्या नंबरची सुद्धा. एकेक करत बसण्यापेक्षा मशीनच रीस्टार्ट केलेलं बरं. डी-बस (प्रोग्रामांचे आपसातले निरोप पोचवणारी सर्व्हिस) चालू मशीनवर रीस्टार्ट करू नये, त्यावर टेकून असलेल्या गोष्टी कोलमडतात.

ओपनएसएसएल, पोस्टग्रेस, एनजिनएक्स, जावा: फक्त त्या त्या सर्व्हिसेस. एसएसएच (दुरून लॉगिन करायची सोय) रीस्टार्ट करायला लोक उगाच घाबरतात. चालू सेशनची प्रोसेस वेगळी असते, ती तुटत नाही. तरी आधी ‘एसएसएचडी -टी’ देऊन कॉन्फिगरेशन तपासा आणि दुसरी खिडकी उघडी ठेवा. विम, कर्ल, मॅन पेज असलं काही बदललं असेल तर काहीच नको.

लाइव्ह पॅचिंगबद्दल, म्हणजे रीस्टार्ट न करता चालू कर्नल दुरुस्त करण्याबद्दल, हटकून विचारलं जातं. केस्प्लाइसने २००८ मध्ये हे करून दाखवलं, पुढे ओरॅकलने ती कंपनी घेतली. २०१४ मध्ये लिनक्सच्या कंपन्यांपैकी रेड हॅटने केपॅच आणि सुसेने केग्राफ्ट आणलं, आणि एप्रिल २०१५ च्या लिनक्स ४.० पासून त्याचा पाया मूळ कर्नलमध्येच आला. उबुंटूचं लाइव्हपॅच वैयक्तिक वापरासाठी ५ मशीनपर्यंत फुकट मिळतं. वापरावं, चांगलं आहे. पण ते गंभीर सुरक्षा त्रुटींपुरतं असतं, आणि जीलिबसी किंवा मायक्रोकोडला त्याचा उपयोग नाही. रीस्टार्ट सोयीच्या सुट्टीपर्यंत लांबवायला ते कामाचं. रीस्टार्ट कायमचा टाळायला नाही.

अंदाज नको, सर्व्हरलाच विचारा

(कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर अर्थातच इंग्रजी अक्षरांत द्यायच्या.)

पहिली तपासणी सगळीकडे एकच. ‘यूनेम -आर’ चालू कर्नल सांगतं, ‘एलएस -एलटी /बूट’ बसवलेले कर्नल दाखवतं. आकडे जुळले नाहीत तर पुढे चर्चा नको.

उबुंटूवर ‘/व्हार/रन/रीबूट-रिक्वायर्ड’ ही फाइल असेल तर रीस्टार्ट बाकी आहे. तिच्याच शेजारी ‘.पीकेजीएस’ शेपटाची दुसरी फाइल असते, तिच्यात कुठल्या पॅकेजमुळे ही मागणी आली ते लिहिलेलं असतं. ती फाइल कोणी उघडून बघत नाही, आणि खरी माहिती तिच्यातच. साध्या डेबियनवर ही फाइल तयार होईलच असं नाही, त्यामुळे फाइल नाही म्हणजे रीस्टार्ट नको असा अर्थ काढू नका. ‘नीडरीस्टार्ट -आर एल’ द्या, ते कर्नलही तपासतं आणि जुनी लायब्ररी धरून बसलेल्या सर्व्हिसेसची यादीही देतं. तो ‘एल’ विसरू नका. तो म्हणजे फक्त यादी दाखव, हात लावू नको.

रेड हॅट, रॉकी, अल्मा यांच्यावर ‘नीड्स-रीस्टार्टिंग -आर’. रीस्टार्ट हवा असेल तर ही कमांड १ परत करते, नको असेल तर ०, म्हणजे स्क्रिप्टमध्ये सरळ वापरता येते. ‘-एस’ दिलं तर फक्त सर्व्हिसेसची नावं. सुसेवर ‘झिपर पीएस -एस’.

हाताने बघायचंच असेल तर ‘एलएसओएफ’च्या उत्तरात ‘डीईएल’ शोधा, किंवा ‘/प्रॉक’मधल्या ‘मॅप्स’ फाइलींमध्ये ‘डिलीटेड’ हा शब्द. इथे नवखे हमखास फसतात. पोस्टग्रेसच्या प्रत्येक प्रोसेसपुढे ‘/डेव्ह/झीरो (डिलीटेड)’ दिसतं, आणि लोक डेटाबेस रीस्टार्ट करतात. पुन्हा बघतात, पुन्हा तेच. मग रात्री दीड वाजता फोन येतो. ती खोडलेली फाइल नव्हे, ती प्रोसेसेसनी आपसात वाटून घेतलेली मेमरी आहे. कर्नल ती त्या नावाने दाखवतो. ‘.एसओ’ने (हे लायब्ररीच्या फाइलचं शेपूट) संपणाऱ्या किंवा ‘.एसओ’पुढे आकडा असणाऱ्या नावांकडे बघा, बाकी सोडून द्या.

विंडोज सर्व्हर असेल तर

तिथे हा प्रश्न ‘करायचा का’ असा नसतो, ‘केव्हा’ असा असतो. वापरात असलेली डीएलएल (विंडोजमधली लायब्ररीची फाइल) विंडोज सहसा बदलू देत नाही. म्हणून अपडेट नव्या फाइली बाजूला ठेवतो आणि ‘पुढच्या वेळी उठताना नाव बदल’ अशी चिठ्ठी रजिस्ट्रीत ‘पेंडिंगफाइलरीनेमऑपरेशन्स’ या नोंदीत लिहून ठेवतो. मशीन उठताना, बाकी कोणी जागं व्हायच्या आत, ती चिठ्ठी अमलात येते. रीस्टार्ट होईपर्यंत मशीन अर्धवट अवस्थेत असतं: काही भाग नवा, काही जुना. अशा अवस्थेत त्याच्यावर आणखी काही बसवायला जाल तर इन्स्टॉलर अडून बसतो, किंवा अडत नाही आणि नंतर रडवतो. आधी रीस्टार्ट, मग पुढचं.

विंडोज सर्व्हर २०२२ च्या अझ्युर आवृत्तीत आणि २०२५ मध्ये हॉटपॅचची (रीस्टार्टशिवाय अपडेटची) सोय आहे. तरी जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर या महिन्यांच्या अपडेटना रीस्टार्ट लागतोच.

भीती रीस्टार्टची नसते

आता बँकेकडे परत. लाइट आली, सर्व्हर उठू लागला. मॉनिटरवर यूएसबी डिस्कच्या लांबलचक नंबराची वाट बघत असल्याची ओळ, शेजारी लाल चांदण्या इकडून तिकडे सरकतायत आणि दीड मिनिटाची मुदत मोजली जातेय. मुदत संपली आणि स्क्रीनवर आलं: ‘यू आर इन इमर्जन्सी मोड’. वॉचमन, शिपाई आणि मॅनेजरसाहेब मोबाइलचा टॉर्च धरून माझ्यामागे उभे. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी बॅकअपसाठी यूएसबी डिस्क लावली होती आणि ‘एफएसटॅब’मध्ये (मशीन उठताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्याची यादी) तिची नोंद केली होती, ‘नोफेल’ (डिस्क नसली तरी पुढे चल) न लिहिता. डिस्क केव्हाच खराब होऊन कपाटात गेली. नोंद राहिली. ती ओळ बंद केली, मशीन उठलं, पोस्टग्रेसही उठलं. बँकेचं सॉफ्टवेअर उठेना. सर्व्हिसमध्ये शोधलं तर त्या नावाची सर्व्हिसच नाही. माझ्या आधी काम करणाऱ्याने ते आपल्या होम फोल्डरमधून ‘नोहप’ने (लॉगआउट झालं तरी चालू राहील असं) हाताने चालू केलं होतं आणि तो नोकरी सोडून गेला होता. त्याच्या जुन्या कमांडच्या यादीतून ती ओळ सापडायला तास गेला.

“बघा, म्हणून म्हणत होतो अपडेटच्या नादी लागू नका,” साहेब म्हणाले. अपडेटचा यात काडीचा संबंध नव्हता. दोन्ही दुखणी गेल्या दोन वर्षांत कुठल्याही रीस्टार्टला उभी राहिली असती. दर महिन्याला रीस्टार्ट केला असता तर यूएसबी डिस्क कपाटात गेल्याच्या महिन्यातच कळलं असतं, आणि ती डिस्क कोणाच्या लक्षातही असती.

तेव्हापासून माझा एक नियम आहे आणि त्यावर मी भांडतो. जे मशीन पहिल्यांदा हातात येतं किंवा ज्याला रीस्टार्ट होऊन तीन महिन्यांहून जास्त दिवस झालेत, ते अपडेट टाकण्याआधी एकदा रीस्टार्ट करायचं. काहीही न बदलता. मग अपडेट, मग पुन्हा रीस्टार्ट. पहिल्या रीस्टार्टला जे मोडतं ते आधीपासून मोडलेलं होतं, दुसऱ्याला जे मोडतं ते अपडेटने मोडलं. एकच रीस्टार्ट केला तर दोन वर्षांची घाण आणि आजचा बदल एकात एक मिसळतात, आणि रात्रीच्या वेळी ते वेगळं करणं म्हणजे खिचडीतून मूग वेचणं. लोक म्हणतात, दुप्पट वेळ जातो. जातो, दहा मिनिटं. जुन्या फिजिकल सर्व्हरला भरपूर रॅम असेल तर स्वतःची तपासणी करण्यातच तो दहा मिनिटं खातो, तेव्हा वीस धरा.

लांबलचक अपटाइमचं कौतुक करणाऱ्यांसाठी एक जुनी गोष्ट. २०११-१२ च्या सुमारास काही लिनक्स कर्नल बरोबर दोनशे साडेआठ दिवसांनी कोसळायचे. घड्याळाचा हिशेब ठेवणारा आकडा २ चा ५४ वा घात इतक्या नॅनोसेकंदांना उतू जायचा, आणि तेवढ्या नॅनोसेकंदांचे २०८.५ दिवस होतात. एकाच दिवशी चालू केलेले सर्व्हर एकाच दिवशी माना टाकायचे.

कधी करायचा

मायक्रोसॉफ्टचे मासिक अपडेट दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे रात्री साडेदहा-साडेअकराला. बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी. दुसरा शनिवार कधी त्या मंगळवाराच्या आधीच येऊन जातो, आला नाही तर चारच दिवसांनी येतो, म्हणजे इतरांचे अनुभव कळायच्या आत. चौथा शनिवार मात्र नेहमी अपडेटनंतर ११ किंवा १८ दिवसांनी येतो, कॅलेंडर घेऊन मोजून बघा. तेवढ्यात अपडेटमध्ये काही खोट असेल तर जगभर बोंब झालेली असते, आणि मागे रविवारही हाताशी असतो. लिनक्स सर्व्हरसुद्धा मी त्याच शनिवारी उरकतो. मार्चएंडच्या आधीचा चौथा शनिवार सोडायचा. तेव्हा कोणाच्याच अंगात दम नसतो.

त्रुटीचा गैरवापर प्रत्यक्ष सुरू झाल्याची बातमी असेल आणि मशीन इंटरनेटला उघडं असेल, तर शनिवारची वाट बघायची नाही. त्याच रात्री करायचा. डेटाबेस आत, भिंतीआड असेल तर दोन आठवडे चालतात. एवढा विवेक करावा लागतो, तो कुठली कमांड करून देत नाही.

आपोआप रीस्टार्टबद्दल. उबुंटूचं अनअटेंडेड-अपग्रेड्स अपडेट आपोआप टाकतं, पण रीस्टार्ट मुळात बंद असतो. चालू केला आणि वेळ ‘०२:००’ टाकली की झालं, असं वाटतं. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांचे आकडे घेणारा एक क्लाउड सर्व्हर असाच लावलेला होता. क्लाउडवरचे सर्व्हर बहुतेक यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतात. यूटीसीचे रात्रीचे दोन म्हणजे आपले सकाळचे साडेसात. केंद्रांवर कॅन घेऊन रांगा, काट्यावर दूध, फॅट मोजून झालेलं आणि पावती निघेना. दर दोन-तीन आठवड्यांनी सकाळी साडेसातला सर्व्हर ‘मध्येच बसतो’ म्हणून त्यांनी आधी रॅम वाढवली होती. ‘टाइमडेटसीटीएल’ दिलं आणि उलगडा झाला. वेळ ‘२०:३०’ केली, ते आपले रात्रीचे दोन.

एकासारखे दोन सर्व्हर असतील तर वेळा वेगळ्या ठेवा. दोन्हींना एकच वेळ देऊन दोन्ही एकदम खाली गेलेले मी पाहिलेत, आणि वेळ देणारा हुशार माणूस होता.

प्रत्यक्ष करताना

पाच मिनिटांची पूर्वतयारी आहे, ती मी कधी चुकवत नाही.

‘फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’ द्या. ‘एफएसटॅब’मध्ये नोंद आहे पण डिस्क नाही, असं असेल तर ते स्पष्ट सांगतं. बँकेची रात्र या एका कमांडने वाचली असती.

‘डीएफ -एच /बूट’. ही जागा भरलेली असेल तर नव्या कर्नलसोबतची इनिट-रॅम फाइल (उठताना सुरुवातीलाच लागणारी) अर्धवट लिहिली जाते, आणि मशीन उठताना रूट डिस्क सापडत नाही म्हणून पॅनिक होतं. जागा नसेल तर आधी जुने कर्नल काढा, चालू असलेला सोडून.

‘एसएस -टीएलएनपी’चं उत्तर फाइलमध्ये ठेवा. कुठल्या पोर्टवर कोण ऐकतंय याची ही हजेरी. रीस्टार्टनंतर तीच कमांड द्या आणि दोन्ही फाइली ‘डिफ’ने ताडून बघा. कोण गैरहजर आहे ते लगेच कळतं. हाताने चालू केलेला प्रोग्राम, ‘सिस्टिमसीटीएल इनेबल’ करायची राहून गेलेली सर्व्हिस, रीस्टार्टची अट न देता चालवलेला डॉकर कंटेनर, सगळे इथे सापडतात. हाताने टाकलेले फायरवॉलचे नियम आणि राउट या यादीत येत नाहीत. त्यांच्यासाठी ‘आयपीटेबल्स-सेव्ह’ आणि ‘आयपी राउट’ वेगळं जपून ठेवा.

मशीन व्हर्च्युअल असेल तर स्नॅपशॉट घ्या, आणि दोन दिवसांनी आठवणीने काढा. नाही तर तो फुगत जाऊन वेगळीच भानगड होते. फिजिकल असेल तर आयड्रॅक किंवा आयएलओचं (मशीन पडलं तरी दुरून त्याची स्क्रीन दाखवणारी सोय) लॉगिन आत्ताच चालवून बघा. पासवर्ड चालत नाही हे मशीन पडल्यावर कळून उपयोग नाही. तीही सोय नसेल तर कीबोर्ड-मॉनिटरपाशी एक माणूस बसवा. वॉचमनकाकांना मी ग्रबमधून (मशीन उठताना कर्नल चढवणारा प्रोग्राम) जुना कर्नल निवडायला फोनवर शिकवलंय, ते आता माझ्यापेक्षा झटपट करतात.

मग आधी सॉफ्टवेअर थांबवा, नंतर डेटाबेस, आणि शेवटी ‘रीबूट’. सरळ रीबूट दिला तरी सिस्टिमडी (सगळ्या सर्व्हिसेस चालू-बंद करणारा प्रोग्राम) सगळ्यांना थांबायला सांगतं, पण मुळातली मुदत ९० सेकंदांची. तेवढ्यात जो थांबला नाही त्याला ठार मारतं. पोस्टग्रेस अशा धक्क्यातून सावरतं, मात्र उठल्यावर लॉग वाचत बसतं आणि तेवढा वेळ लॉगिन मिळत नाही. आधी ‘चेकपॉइंट’ देऊन मग थांबवलं की बंद व्हायलाही वेळ लागत नाही.

उठलं नाही तर घाबरून पुन्हापुन्हा पॉवर बटण दाबू नका. ग्रबच्या मेन्यूत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जुना कर्नल असतो. रेड हॅटच्या कुळात मुळात ३ कर्नल ठेवले जातात. उबुंटूवर हा मेन्यू लपलेला असतो, जुन्या बायोसवर शिफ्ट आणि यूईएफआयवर एस्केप दाबावं लागतं. जुन्याने मशीन उठलं की ‘जर्नलसीटीएल -बी -१’ने मागच्या वेळी काय बिघडलं ते शांतपणे वाचता येतं. त्यासाठी लॉग डिस्कवर साठत असायला हवेत. ‘/व्हार/लॉग/जर्नल’ हे फोल्डर आहे ना, ते आधीच बघून ठेवा.

उठलं तर ‘यूनेम -आर’, ‘सिस्टिमसीटीएल --फेल्ड’, पोर्टची हजेरी, आणि मग खरी परीक्षा: कोणीतरी खऱ्या टेबलावर बसून खरं लॉगिन करायचं. सगळ्या सर्व्हिसेस हिरव्या आणि पासबुक छापलं जात नाही, हेही झालेलं आहे.

रीस्टार्ट केला तरी कर्नल जुनाच

हा प्रकार वरचेवर येतो आणि लोक तीन-तीनदा रीस्टार्ट करत बसतात. कारणं मोजकीच. कोणीतरी पूर्वी एखाद्या अडचणीसाठी ‘ग्रब_डीफॉल्ट’मध्ये ठरावीक कर्नल बांधून ठेवलेला असतो आणि अडचण गेली तरी गाठ तशीच राहते. किंवा मशीनमध्ये दोन डिस्क असतात, पॅकेज एकीच्या ‘/बूट’मध्ये लिहितं आणि बायोस दुसरीवरून उठवतं. ‘एफएसटॅब’मध्ये ‘/बूट’ची नोंद आहे पण ती जोडलीच गेलेली नाही, असंही असतं. मग नवा कर्नल त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरात जाऊन पडतो आणि ग्रबला तो दिसतच नाही. ‘फाइंडएमएनटी /बूट’ दिलं की हे कळतं.

आणि स्वस्तातला व्हीपीएस (भाड्याने घेतलेला व्हर्च्युअल सर्व्हर) असेल तर आधी ‘सिस्टिमडी-डिटेक्ट-व्हर्ट’ देऊन बघा. उत्तर ‘ओपनव्हीझेड’ किंवा ‘एलएक्ससी’ आलं तर तो कंटेनर आहे, म्हणजे एका मोठ्या मशीनमधली वेगळी केलेली खोली; कर्नल खालच्या मालकाचा. तुम्ही कितीही वेळा रीस्टार्ट करा, तो बदलणार नाही. बँकेच्या वेबसाइटचा सर्व्हर असाच निघाला. दोन तिमाही ऑडिटचा तोच शेरा खाऊन झाल्यावर आम्ही होस्टिंगवाल्याला पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं: ‘तुम्ही एकदा रीस्टार्ट करून पाहा.’